दर्याचे पंचांग

2023 साली श्रावण दोन आले. अधिक श्रावण 18 जुलैला लागला, 16 ऑगस्टला संपला आणि दुसऱ्या दिवसापासून निज श्रावण सुरू झाला. आमच्या घरात त्या निमित्ताने एक जुना वाद नव्याने उभा राहिला. नुस्ते वर्ज्य करायचे ते कोणत्या श्रावणात? थोरल्या वहिनींचे म्हणणे असे की श्रावण तो श्रावण, अधिक काय नि निज काय. दोन्ही महिने शिवराकच राहावे. धाकट्या पिढीला एवढे लांबलचक व्रत मान्य होण्यासारखे नव्हते. अखेर प्रश्न देवळात गेला आणि पुरोहितांनी निकाल दिला की नेमाची व्रते निज महिन्यात पाळावीत. अधिकात अधिक पुण्य हवे असेल त्याने ते खुशाल जोडावे. यांत्रिक होड्यांवरची पावसाळी बंदी 31 जुलैला उठलीच होती. त्यामुळे ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस मासे खाणाऱ्यांना जणू पंचांगानेच बहाल केले, आणि आमची धाकटी पिढी धर्मशास्त्रावर प्रथमच मनापासून प्रसन्न झाली.

त्या वर्षीची नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला होती. आमचा गाव काणकोणच्या किनाऱ्यावर आहे. तेथली पागी मंडळी त्या दिवशी देवळात नारळ ठेवतात, देवाला गाऱ्हाणे घालतात आणि मग वाजतगाजत पुळणीवर उतरतात. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तथापि या मिरवणुकीच्या शेपटाला चालण्याचा माझा लहानपणापासूनचा नेम सुटलेला नाही. त्या दिवशी खाली पोचलो आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटले. समुद्र मार्गशीर्षातल्यासारखा सपाट पसरला होता. लाटेला फेस नव्हता, गाज कानांवर येत नव्हती, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. 1901 पासूनच्या नोंदींत देशभर इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे पुढे वर्तमानपत्रांतून वाचले. पण पुळणीवर उभे असलेल्या माणसाला ते सांगायला वर्तमानपत्र नको होते.

नारळ वाहण्याचा मान माझ्या एका शाळासोबत्याच्या घराण्याकडे आहे. तोही आता सत्तरी ओलांडलेला. नारळ हातात घेऊन तो कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, "मास्तर, दर्या ओगी आसा. ओगी दर्या बरो न्हय."

खवळलेल्या दर्याने शांत व्हावे म्हणून नारळ वाहायचा. दर्या तर आधीच शांत होता. मग माझ्या सोबत्याच्या कपाळावर आठी का? हे सांगायचे तर मला बरेच मागे जावे लागेल.

माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन पंचांगे होती. एक माझ्या वडिलांचे. पाडव्याच्या दिवशी ते सभामंडपात बसून संवत्सरफल वाचीत. कोणत्या नक्षत्राचे वाहन कोणते, पाऊस किती, वारा कसा, हे सारे गाव ऐके. दुसरे पंचांग माझ्या या सोबत्याच्या वडिलांचे. ते रापणीचे तांडेल. वाचन चालू असता ते दीपस्तंभाच्या पायरीशी बसत, सगळे आदराने ऐकून घेत आणि प्रसाद घेऊन जाताना वडिलांना हळूच म्हणत, "भटजीबाब, उरलेले दर्या सांगेल." वडील हसत. दोघांत कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही, कारण दोघांनाही एकमेकांच्या पंचांगाची गरज होती.

ही गरज काय होती ते मला फार उशिरा उमगले. दर्यावर पोट असणाऱ्याला चंद्रही लागतो आणि सूर्यही लागतो. भरती-ओहोटी चंद्राची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. तिथी ठाऊक असली की पाणी कुठवर चढणार ते ठाऊक असते. पाऊस मात्र सूर्याचा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे सूर्य त्या त्या नक्षत्रात जाईल तशी लागतात, म्हणून मृग दरवर्षी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच येते. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ही तूट वाढू दिली तर नारळी पौर्णिमा सरकत सरकत भर उन्हाळ्यात येईल. आपल्या पूर्वजांनी ती वाढू दिली नाही. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून त्यांनी चंद्राला सूर्याशी पुन्हा जुळवून घेतले. दोन घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत हे प्रांजळपणे मान्य करून त्यांचा मेळ घालण्याची ही युक्ती मला मोठी शहाणपणाची वाटते.

तांडेलांचे पंचांग लिहिलेले नव्हते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला कसा लागतो, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग कुठे टेकले आहेत, वारा पडलेला असूनही दुरून लांबट लाट येते आहे काय, समुद्रपक्षी खाडीत का शिरले, गळाला बांधलेले शिसे वर ओढले की हाताला थंड लागते काय, ही त्यांची पाने. वर्षाचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. वैशाखात पुरुमेंताची धांदल. सुके बांगडे, सुंगटे, मीठ, चिंच घराघरांत भरून ठेवायची. मृगाचा पाऊस लागला की होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांखाली झाकायच्या. नारळी पौर्णिमेनंतर आकाश पाहून पहिली होडी लोटायची. पुढे तारले, मग बांगडे. बांगड्यांचा थवा आला की पाण्याचा रंग बदले आणि तांडेल पुळणीवरून हात वर करून ओरडत. सगळा वाडा रापणीच्या दोरीला लागे, आणि दोरीला हात लावणाऱ्या पोरालाही वाटा मिळे. मला मिळालेला पहिला वाटा चार बांगड्यांचा होता. ते घरी नेताना मला आपण कमावते झाल्याचा भास झाला होता.

त्या काळी मला वाटे की पावसाळ्यात समुद्र मासे लपवून ठेवतो आणि पाऊस गेल्यावर परत देतो. खरा प्रकार याहून अद्भुत आहे. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे आहे. तिथल्या एका अभ्यासकाने आमच्या शाळेत येऊन तो मुलांना समजावून सांगितला आणि मुलांच्या मागे बसून मीही विद्यार्थी झालो. पावसाळ्यातला वारा आपल्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वाहू लागला म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. ती जागा भरून काढायला खोल समुद्रातले थंड पाणी वर सरकते. तळाशी साचलेली सारी पोषक द्रव्ये ते पाणी आपल्याबरोबर आणते. त्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती कोट्यवधींनी वाढतात. त्यांवर तारल्यांची पिले पोसतात आणि बांगडेही. तारल्यांचा अंडी घालण्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत येतो. म्हणजे ज्या खवळण्याला भिऊन आपण दाराआड बसतो, त्या खवळण्यातच आपले पुढचे वर्षभराचे ताट वाढले जात असते. 2015 पासून पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ती याच काळजीने.

पण या देण्याला दुसरी बाजू आहे. खालून येणाऱ्या त्या थंड पाण्यात प्राणवायू कमी असतो. वरून नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून पातळ थरासारखे पसरते आणि झाकणासारखे बसते. खालच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या किनाऱ्याजवळ तळचे पाणी अक्षरशः गुदमरते. मग तळाशी राहणारे जीव, विशेषतः सुंगटे, प्राणवायूच्या ओढीने किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात दाटी करतात. आपण म्हणतो, यंदा दर्याने उदंड दिले. ते देणे नसते. जीव मुठीत घेऊन दाराशी आलेल्यांची ती गर्दी असते. दोनापावलच्या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही प्राणवायूची टंचाई तीव्र होत चालल्याचे दाखवले. कांदोळीसमोरच्या समुद्रात ते 1997 पासून त्याची मोजदाद करीत आले आहेत.

वाऱ्याची सत्ता नुसत्या माशांवर चालत नाही. आषाढ-श्रावणात पुळणीवर निळे फुगे येऊन पडतात. मुलांना मोह होतो आणि हात लावला की आग होते. त्या जिवाला पोहता येत नाही. पाण्यावर फुगलेले त्याचे अंग म्हणजेच त्याचे शीड, आणि नेईल तिकडे वारा. कधी वादळी वाऱ्यात मध्य समुद्रावरचे पक्षी थकून किनाऱ्याशी कोसळतात. गालजीबागेच्या आणि आगोंदच्या पुळणीवर थंडीच्या महिन्यांत कासवे अंडी घालायला येतात. अनेक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि त्याला पाय लागू नये म्हणून आपण वळसा घालून जातो. येथे त्याचेच जिवंत रूप रात्री चंद्रप्रकाशात वाळू उकरीत असते. पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी आईविना, निव्वळ वाळूच्या उबेवर राहतात. त्या उबेवरच पिलू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापली तर माद्याच फार निपजतात. वादळाने पुळण कापून नेली तर कासवाला अंडी घालायला जागाच उरत नाही. ज्या कूर्माने मंदराचल पाठीवर तोलला, त्याच्या वंशाचे भवितव्य वाळूच्या एक-दोन अंश उष्णतेवर टांगलेले असावे, हे मला विलक्षण वाटते.

आता मला ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आजवर लिहिली नाही.

2009 साली त्रिपुरी पौर्णिमा 2 नोव्हेंबरला होऊन गेली होती. देवळातल्या पणत्यांचे तेल अजून पायऱ्यांवरून पुसलेही नव्हते. कार्तिक म्हणजे दर्याचा भरवशाचा महिना. तांडेल तेव्हा ऐंशीच्या पलीकडे गेले होते. स्वतः पाण्यात जात नसत, पण त्यांच्या शब्दाशिवाय वाड्यातली होडी लोटली जात नसे. 9 तारखेच्या दुपारी मी पुळणीवर होतो. अष्टमी होती, म्हणजे भांगाची भरती; पण पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढले होते, आणि वारा पडलेला असूनही लांब लाट येत होती. तांडेलांनी ते पाहिले. माझ्यादेखत पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नातू पुढे येऊन उभा राहिला तेव्हा म्हणाले, "वारो बरो आसा. वचात."

त्या रात्री मी रेडिओवर बातम्या ऐकल्या. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होत आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे त्यांत होते. पुळण माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी उठून पायांत चपला घातल्यासुद्धा. मग विचार आला की तांडेलांनी दुपारी शब्द दिला आहे; ज्यांनी मला वारा म्हणजे काय ते शिकवले, त्यांना मी शाळामास्तराने रेडिओचा कागदी वारा जाऊन सांगायचा? मी चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौघे गेले. फयान वादळ त्याच दिवशी उठले आणि 11 तारखेला कोकणावर आदळले. तिघांना उत्तरेकडे बेतूलच्या पुढे एका मोठ्या नावेने पाण्यातून उचलले. त्यांत तांडेलांचा नातू होता. चौथा आला नाही. तो एकोणीस वर्षांचा होता आणि चार वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे.

तांडेलांनी त्यानंतर एकाही होडीला शब्द दिला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ओटीवर समुद्राकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "म्हाका वारो कळना जालो." मी त्यांना रेडिओची गोष्ट सांगायला गेलो होतो, ती माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. चार वर्षांनी ते गेले. मला आज वाटते की त्यांना वारा कळला होता. लाट त्यांनी पाहिली होती, पाणी पाहिले होते. पण महिना कार्तिक होता आणि आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना सांगितले की कार्तिकात असे होत नाही. त्यांना चकवले ते दर्याने नव्हे, महिन्यावरच्या भरवशाने.

वादळे पूर्वीही येत. जुन्या लोकांच्या बोलण्यात ती असत. परंतु गेल्या काही दशकांत अरबी समुद्र तापत चालला आहे, आणि त्यावरची वादळे वाढली व अधिक प्रखर झाली, असे पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी नोंदले आहे. 2019 साली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, क्यार हे महाचक्रीवादळ झाले. 16 मे 2021 रोजी तौक्ते आपल्या किनाऱ्यालगत गेले आणि गावोगावचे माड आडवे करून गेले. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय उठले आणि त्या वर्षी मृगाचा पाऊस वाट पाहायला लावून आला. माशांचेही तेच. 2012 साली केरळच्या किनाऱ्यावर चार लाख टनांच्या आसपास तारले मिळाले. 2021 साली साडेतीन हजार टनही मिळाले नाहीत. एल निन्योची उष्ण वर्षे आणि बदलता पाऊस याला कारण आहेत. पिले मोठी होण्याआधीच उपसून काढणारी आपली हावही आहे. चंद्र-सूर्यांत तूट पडली तर अधिक महिना घालता येतो. हवाच ऋतूला चुकली तर तिच्यासाठी कोणता महिना घालायचा?

याचे उत्तर मला ठाऊक नाही. मला जमले तेवढे एक लहानसे काम मी केले. देवळाच्या दीपस्तंभाशी एक काळा फळा होता. त्यावर रोजची तिथी, वार, नक्षत्र लिहिण्याची पद्धत होती. समुद्राच्या स्थितीचे आणि लाटांच्या उंचीचे अंदाज वर्तवणारी केंद्र सरकारची एक संस्था हैदराबादेस 1999 पासून काम करते. ते अंदाज आता घरबसल्या मिळतात. तिथीच्या खाली हा अंदाजही लिहावा, असे मी देवस्थानच्या सभेत सुचवले. एका गृहस्थांनी विचारले की देवळाच्या फळ्यावर सरकारी हवामान कशाला? मी उत्तर देण्यापूर्वी कुणीतरी मागून त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव उच्चारले. सभेत मग दुसरा प्रश्न निघाला नाही. तेव्हापासून सकाळची पूजा झाली की मी खडू घेऊन जातो. वर तिथी, खाली लाट. एकाही दिवशी चुकलेलो नाही. हे प्रायश्चित्त आहे असे मी म्हणत नाही. दहा मिनिटांची ती वाट मी रोज चालतो, एवढेच.

त्या नारळी पौर्णिमेला फळ्यावर समुद्र शांत राहील असेच लिहिले होते. अंदाज खरा होता, आणि तरीही माझ्या सोबत्याला तो पटत नव्हता. वारा नाही, तर तळचे पाणी वर यायचे कसे? हे त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. गळाचे शिसे यंदा हाताला थंड लागले नाही, इतकेच तो म्हणाला. बाप गेला तरी त्या पंचांगाचे एक पान मुलाच्या तळहातावर राहिले होते, हे पाहून मला त्या कोरड्या दिवशीही बरे वाटले.

तो कमरेइतक्या पाण्यात गेला. दरवर्षीचे गाऱ्हाणे ठरलेले असते: दर्या, शांत हो, आमच्या लेकरांना सांभाळ. या खेपेस तो पहिल्या शब्दाशी अडखळला. आधीच निपचित पडलेल्याला शांत हो कसे म्हणायचे? मागे वाड्यातली मंडळी ताटकळत उभी होती. मग त्याने नारळ कपाळाला लावला, पहिला भाग गाळला आणि नुसतेच म्हणाला, "सांभाळ." नारळ फारसा दूर गेला नाही. लाट नसल्यामुळे आम्ही मागे वळलो तरी तो तिथेच हळूहळू फिरत राहिला होता.